साच्यावरचे दोन दात

१

डॉक्टरांनी मोठ्या कौतुकाने डबी उघडली आणि त्यांचं पुढचं वाक्य घशातच राहिलं.

ती डबी खरं तर आत, खुर्चीशेजारी उघडायची. पण हौसेने करून घेतलेली वस्तू चार माणसांना दाखवल्याशिवाय कोणाला राहवतं? "आधी बघा तरी, किती छान जमल्यात," असं म्हणत डॉक्टर बाहेरच्या बाकापाशी आल्या, झाकण काढलं आणि आतून निघाला प्लास्टरचा जबडा, म्हणजे दातांचा साचा. बाकीचे सगळे दात जागच्या जागी. फक्त समोर मधोमध, जिथे दोन नव्याकोऱ्या कॅप्स बसलेल्या असायच्या, तिथे तासलेले दोन खुंट उघडे पडले होते.

डॉक्टरांनी डबीतला स्पंज काढला, झटकला, डबी उलटी करून टेबलावर आपटली. स्पंजखाली तेवढी धूळ होती.

"कॅप्स नाहीत," त्या म्हणाल्या. दाताच्या डॉक्टरचा चेहरा असा पांढराफटक पडलेला फार थोड्यांनी पाहिला असेल.

बाकावर मावशीशेजारी बसलेल्या भाचीने तोंडावरचा हात आणखी घट्ट दाबला. तो हात गेला महिनाभर तिथेच मुक्कामाला होता. ती जेवायची भिंतीकडे तोंड करून, बोलायची तळव्याआडून, आणि घरातला प्रत्येक आरसा तिने पालथा करून ठेवला होता. आत्तासुद्धा सकाळच्या संत्र्याची एक रेषा समोरच्या दोन दातांच्या मधे अडकली, तर बाईसाहेबांनी मावशीच्या पर्समधला दोरा मागून घेतला आणि कोपऱ्यात पाठ करून ती काढली. मावशीला हसूही आलं होतं आणि कीवही.

ही अवस्था झाली एका पेटीपायी. भाची जिन्यावरून घसरली. पडताना कोणीही हात पुढे करतं. हिने दोन्ही हातांनी क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरली. पेटीवर ओरखडा नाही, पण वरचे समोरचे दोन दात पायरीवर निम्मे निम्मे राहिले. आतल्या नसा मेल्या, म्हणून दोन्ही दातांचं रूट कॅनाल झालं. "नस काढलेला दात वाळक्या फांदीसारखा असतो," डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. "उभा राहतो, पण जोर पडला की मोडतो. त्यावर कॅप बसली की मग काळजी नाही."

आणि क्लॅरिनेटचा सगळा जोर नेमक्या त्याच दोन दातांवर पडतो. त्याचं तोंड तिथेच टेकवायचं असतं. शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची एकच जागा निघाली होती. आधीचे वादक म्हातारे होऊन निवृत्त झाले तेव्हा कुठे. उद्या सकाळी ऑडिशन होती.

"नव्या करायला किती दिवस?" मावशीने विचारलं.

"आठवडा तरी. आणि आत्ता तिच्या तोंडात आहेत त्या तात्पुरत्या, प्लॅस्टिकच्या. दोन्ही मिळून एकच तुकडा असतो तो, मधे फटसुद्धा नसते. चार घास खाण्यापुरत्या ठीक. वाजवायला मी सक्त मनाई केलीय. ऐन ऑडिशनमध्ये निघून परीक्षकांच्या पायाशी पडल्या म्हणजे?"

भाचीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते पाहिलं मात्र, मावशीने पर्स बाकावर ठेवली आणि दाराला आतून कडी घातली.

"कोणी कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "या खोलीत कोणीतरी काहीतरी लपवतंय."

२

मावशीचं उभं आयुष्य विमा कंपनीत गेलं होतं, तेही खोटे दावे पकडण्याच्या खात्यात. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेले आणि मग मेव्हण्याच्या गोठ्यात सापडलेले ट्रॅक्टर, सगळं तिने पाहिलं होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी नाक तेच होतं. भाजीवाल्याचा काटासुद्धा तिच्यासमोर जरा जपूनच हलायचा.

तिने आधी डॉक्टरांच्या असिस्टंटला आत नेलं. बारीक चणीची मुलगी, हातात अजून रबरी मोजे.

"डबी आली तेव्हा उघडली होतीस?"

"हो. लॅबच्या माणसासमोर. दोन्ही कॅप्स साच्यावर होत्या. एकीवर तर दुधाळ ठिपका पण दिसला मला, अगदी बारीक. मॅडमनी मुद्दाम सांगून करून घेतलाय, मूळ दातावर होता म्हणून."

"मग?"

"कपाटात ठेवली. कुलूप लावलं. चावी खिडकीच्या कडीला."

"चावी तिथे असते हे कोणाला ठाऊक?"

"मला, मॅडमना." ती अडखळली. "आणि सरांना."

सर म्हणजे डॉक्टरांचे गुरुजी. वय झालेलं, पण हात अजून स्थिर. गेल्या आठवड्यात डॉक्टर एक दिवस परगावी गेल्या होत्या, नेमकी त्याच दिवशी सकाळी डबी आली, आणि दुपारी दवाखाना सांभाळायला सर येऊन बसले होते. माणूस कमी बोलणारा, कागदावर लिहिण्याचा तर मनापासून कंटाळा. दुसऱ्या दिवशी ते मासे धरायला तळ्यावर गेले, ते अजून परतले नव्हते. मासे बिचकतात म्हणून फोन घरीच ठेवून जायचे. डॉक्टरांनी मघाशी लावून पाहिला. तो त्यांच्या घरातल्या टेबलावर वाजून वाजून थकला.

"सर इथे असताना तू कुठे होतीस?"

"जेवायला खाली. परत आले तेव्हा सर हात धूत होते. कोणीतरी येऊन गेलं असावं. गुळण्यांचा पेला वापरलेला होता, आणि तो हातातला आरसा खुर्चीच्या ट्रेवर पालथा पडला होता. मी उचलून ठेवला." ती मोजे काढायला लागली आणि रडायलाच लागली. "बाई, शपथ घेते, मी नाही घेतल्या. मला काय करायचंय कोणाचे दात घेऊन? पण कपाट माझ्या ताब्यात असतं. सगळे मलाच धरणार."

"अजून कोणी धरलेलं नाही. नाक पूस आधी. वर येताना जिन्यात कोणी भेटलं?"

असिस्टंटने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर खिडकीपाशी एक उंच तरुण, गुडघे कुठे ठेवावेत हे न कळून, छोट्या खुर्चीत दुमडून बसला होता.

"तेच," ती हळूच म्हणाली. "घाईघाईने खाली उतरत होते. हातात काहीतरी गुंडाळलेलं होतं."

३

त्याला सगळे लंबू म्हणत. भाचीबरोबर एकाच वर्गात क्लॅरिनेट शिकला. मित्र होता, आणि उद्या त्याच एका जागेसाठी तोही वाजवणार होता. दोघांत वाजवायला सरस कोण, यावर वर्गात पैजा लागायच्या. आज गाडी काढून दोघींना इथवर आणलं होतं तेही त्यानेच.

मावशीला हा मुलगा आवडायचा. म्हणूनच तिने त्याला जास्त करड्या आवाजात विचारलं, "डॉक्टर नव्हत्या त्या दुपारी तू इथे आला होतास?"

लंबूचे कान लाल झाले. "हो."

"दात दुखत होता?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

लंबू खिडकीबाहेर बघायला लागला.

"हातात काय गुंडाळून नेत होतास?"

"ओढणी," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"कोणाची?"

आता मात्र त्याने तोंडाला कुलूपच लावलं. खाली बघत बसला. डॉक्टर पुढे झाल्या. एरवी मऊ बोलणाऱ्या बाईंचा आवाज चढला. "अरे, उद्या हिची ऑडिशन आहे. हिला वाजवता आलं नाही तर फायदा कोणाचा होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कॅप्स तुझ्याकडे असतील तर आत्ता दे. मी कोणाला काही बोलणार नाही."

"मी घेतल्या नाहीत," लंबू म्हणाला. "पण त्या दिवशी का आलो होतो ते विचारू नका. मावशी, मी शब्द दिलाय."

"शब्द? कोणाला?"

"मावशी, सोड ना त्याला!" भाची तळव्याआडून जवळजवळ ओरडलीच. "नको मला ऑडिशन. नको काही. घरी चल."

ती उठली, दाराची कडी काढायला लागली. लंबू तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्या पाहण्यात चोराची भीती मुळीच नव्हती. मावशीने ते टिपलं.

४

मावशी एकटीच आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांच्या फिरत्या स्टुलावर बसली. असं बसायची तिची जुनी सवय होती. माणसं बोलायची थांबली की वस्तूंकडे बघायचं.

उशाशी गुळण्यांचं भांडं. वर मोठा दिवा, बंद. ट्रेवर कागदी पेले आणि तो मुठीचा आरसा.

मावशीने कितीतरी लबाड माणसं समोर बसवली होती, आणि एक गोष्ट तिला पक्की कळली होती. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा भरपूर बोलतो. वेळा सांगतो, साक्षीदार सांगतो, न विचारलेलं सांगतो. जो दुसऱ्याला वाचवत असतो तो नुसता गप्प बसतो. लंबू गप्प बसला होता. अंगावर चोरीचा आळ आला, डॉक्टरांचे टोमणे ऐकले, तरी गप्प. एवढं गप्प बसावं असं त्याचं कोण होतं या खोलीत?

आणि असिस्टंट? ती रडत होती, पण जे सांगत होती ते तिलाच अडचणीत आणणारं होतं. चावी, कपाट, कॅप्स आपल्या डोळ्यांनी पाहिल्याची कबुली. चोराने एवढंच म्हटलं असतं, डबी मी उघडलीच नाही. सगळा दोष लॅबवर गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. म्हणजे कॅप्स आल्या होत्या, हे खरं.

राहिला तो पेला. त्या दुपारी या खुर्चीवर कोणीतरी पेशंट बसलं होतं. सरांनी त्याच्या हातात आरसा दिला असणार. दाताच्या खुर्चीत आरसा मिळाला की कोणीही आधी तोंड वासून बघतं. पण या पेशंटने तो ट्रेवर पालथा ठेवला.

मावशीने आरसा हातात घेतला, स्वतःच पालथा करून ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. असा ठेवलेला आरसा तिने आज सकाळी घरी पाहिला होता. काल आणि परवाही पाहिला होता.

ती ताडकन उठली, दार उघडून म्हणाली, "लंबू, तू तिथेच बस. डॉक्टर, दोन मिनिटं द्या. आणि तू, बाळा, आत ये."

भाची आत आली. मावशीने दार लावलं.

"त्या दुपारी ओढणी विसरली होतीस ना इथे?"

५

आधी नाही नाही म्हणून झालं. मग हुंदका आला, आणि मग सगळं एकदम बाहेर पडलं.

"मला राहवलं नाही गं. ऑडिशनला इतके थोडे दिवस, आणि डॉक्टर म्हणे वाजवू नको. तू बाहेर गेलीस की मी दाराखाली टॉवेल कोंबून वाजवायचे. एक दिवस ते प्लॅस्टिक निघून हातातच आलं. मी इतकी घाबरले! डॉक्टरांना कळलं तर त्या ओरडतील, तुला कळलं तर तू पेटीच कपाटात घालशील. पण दुसरा इलाज नव्हता, लंबूला फोन केला. त्याने स्कूटरवर बसवून आणलं. त्याला शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. वर आले तर डॉक्टर नव्हत्याच, ते म्हातारे सर होते."

"काही विचारलं त्यांनी?"

"काय वाजवतेस, एवढंच. पेटी बरोबर होती ना. मग म्हणाले, आ कर. मी डोळे गच्च मिटले. दुखलं काहीच नाही, नस नाहीये ना आता. त्यांनी काहीतरी उघडल्याचा आवाज आला, मग कितीतरी वेळ ते लावत होते, काढत होते, मधे कागद चावायला देत होते. शेवटी आरसा दिला. मी नको म्हटलं. तर हसले, आणि म्हणाले, घरी जाऊन वाजवून बघ. बस्स. ओढणी तिथेच राहिली, ती आणायला लंबू परत वर गेला."

"वाजवून बघ?" मावशी सावकाश म्हणाली. "डॉक्टर म्हणतात प्लॅस्टिकवर वाजवायचं नाही. आणि त्यांचे गुरुजी म्हणतात वाजवून बघ?"

"मला वाटलं, म्हातारे आहेत, त्यांना ठाऊक नसेल."

"मग वाजवलंस?"

"रोज."

"पुन्हा निघालं?"

"नाही." भाची थबकली. "हललंसुद्धा नाही."

मावशी खुर्चीला टेकली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायला लागलं होतं. ते हसू होतं, पण अजून तिने त्याला परवानगी दिली नव्हती.

"मघाशी संत्र्याची रेषा कुठून काढलीस?"

"दातांतून."

"कोणत्या दातांतून?"

"समोरच्या. या दोघांच्या मधून. का गं?"

मावशीने दार सताड उघडलं आणि पुकारा केला, "सगळे आत या. डॉक्टर, तो मोठा दिवा लावा. चोरीचा माल सापडलाय."

६

लंबू येताना चौकटीला डोकं आपटूनच आत आला. त्याच्यामागे असिस्टंट, डोळे सुजलेले. डॉक्टरांनी गोंधळून दिव्याचं बटण दाबलं.

"आता ऐका," मावशी म्हणाली. "दोन दात डबीतून गेले. आपण कपाट शोधलं, स्पंज शोधला, या पोराचे खिसे शोधायचेच काय ते बाकी ठेवले. एक जागा मात्र कोणीही पाहिली नाही. डॉक्टर, प्लॅस्टिकच्या दोन कॅप्स म्हणजे एक सलग तुकडा, मधे फट नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग जिथे फटच नाही तिथे संत्र्याची रेषा अडकली कशी, आणि दोरा गेला कसा?"

डॉक्टरांनी दिवा भाचीच्या बाजूला वळवला.

"मुलगी त्या दुपारी इथे आली होती. प्लॅस्टिक निघालं होतं म्हणून. सरांनी कपाट उघडलं, हिच्या नावाच्या डबीत खऱ्या कॅप्स तयार दिसल्या. मग प्लॅस्टिक परत कशाला चिकटवायचं? आणि वाजवणाऱ्या माणसाला ते वाजवून बघ कधी म्हणतील? खऱ्या कॅप्स लावल्या असतील तरच."

"कच्च्या सिमेंटने!" डॉक्टर एकदम म्हणाल्या. "सरांची पद्धतच आहे ती. समोरचे दात असले की आधी काही दिवस कच्च्या सिमेंटवर वागवायला देतात. खाऊ दे, बोलू दे, कुठे टोचतं का कळू दे, मग पक्कं करायचं. आम्हाला शिकवतानाही हेच सांगायचे. माझ्या डोक्यातच आलं नाही." त्या भाचीकडे वळल्या. "बाळा, हात काढ."

भाचीचा हात हलेना.

"काढ गं," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता विमा कंपनीतला राहिला नव्हता.

हात खाली आला. ओठ विलग झाले. दिव्याखाली दोन दात चमकले. फार पांढरे नाहीत, फार सरळ नाहीत. डावा किंचित शेजाऱ्याकडे झुकलेला, पूर्वी असायचा तसाच. आणि त्याच्या खालच्या कडेपाशी एक बारीक दुधाळ ठिपका.

"अगं बाई," असिस्टंट पुटपुटली. "हाच तो."

डॉक्टर खुर्चीच्या काठावर मटकन बसल्या आणि हसत सुटल्या. "दाताचा दवाखाना माझा. पेशंट समोर बसलेली. आणि मी सगळीकडे बघितलं, तोंडात सोडून!"

पक्क्या कॅप्स येईपर्यंत म्हणून जे दात ती महिनाभर जगापासून लपवत होती, त्या महिन्यातले शेवटचे कितीतरी दिवस ती त्या पक्क्या कॅप्सच लपवत होती. भाचीला हे कळायला जरा वेळ लागला. तिने जीभ दातांवरून फिरवली, एकदा, दोनदा, आणि मग मावशीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मावशीही रडली. तिने ते लपवलं नाही.

डॉक्टरांनी आधी असिस्टंटची माफी मागितली, मग लंबूची. लंबू म्हणाला, "राहू द्या हो डॉक्टर, माझ्या जागी मी असतो तर मीही मलाच पकडलं असतं." हे वाक्य कोणालाच नीट कळलं नाही, पण सगळे हसले.

"पक्कं करायच्या आधी एक काम," डॉक्टर म्हणाल्या. "वाजव. इथेच. जोरात. कुठे दाब येतो, कुठे घासतं, आत्ता सांग. नंतर हलवता येणार नाही."

भाचीने पेटी उघडली. त्या एवढ्याशा खोलीत, औजारांच्या ट्रेच्या शेजारी उभी राहून, तिने वाजवलं. आधी चाचरत, मग छातीभर. खालचा औषधवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. एका उंच सुरावर ती थांबली आणि म्हणाली, "इथे उजवा जरासा लागतो." डॉक्टरांनी केसभर घासलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा केसभर. मग कुठेच लागेना, तेव्हा कॅप्स काढून, पुसून, पक्क्या सिमेंटने बसवल्या.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मासे मिळाले नव्हते. डॉक्टरांनी सगळी कहाणी सांगितली, जरा रागानेच.

"त्यात सांगायचं काय होतं?" सर म्हणाले. "पेशंट आली की समोर दिसणारच होतं. तुम्ही तोंडात बघत नाही की काय हल्ली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाद्यवृंदाच्या सभागृहाबाहेर लांबलचक व्हरांड्यात मावशी बसून होती. लंबूचं वाजवून झालं होतं. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून, आतून येणारे सूर ऐकत होता. मधेच त्याने ओठ आवळले, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. मावशीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसाच्या तोंडावरचं सगळं कळायचं.

दार उघडलं. भाची बाहेर आली.

"काय झालं?" मावशीने उठतच विचारलं.

"शेवटच्या तुकड्यात चुकले," भाची म्हणाली. "दोन सूर खाल्ले."

आणि ती हसत होती. हात दोन्ही बाजूंना मोकळे, पेटी काखोटीला, तोंड कानापर्यंत.

"अगं, चुकलीस आणि हसतेस काय वेड्यासारखी?"

"चुकली ती बोटं, मावशी," ती म्हणाली. "दात नाही. बोटांना मी सरळ करीन."

मागून दार पुन्हा उघडलं आणि आतल्या माणसाने मान बाहेर काढली. परीक्षकांना शेवटचा तुकडा परत एकदा ऐकायचाय, असं तो म्हणाला. लंबूने तिच्या पाठीवर थाप मारली. ती वळली आणि आत गेली.